फाटकावर मावशी होती

सोमवार, ६ मार्च

राजधानीहून, वेलिंग्टनहून फोन आला. राष्ट्रीय बालशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शक पदासाठी जी मोजकी नावं उरलीत त्यांत माझं आहे. फोन ठेवला आणि समोर दिसली त्या मुलांच्या पिटुकल्या खुर्चीवरच बसले. ती करकरली. इतकी वर्षं लोकांच्या पोरांची नाकं पुसली, पोरं झोपली की पदविकेची पुस्तकं उघडली. आता देशभरच्या सामोअन, टोंगन, फिजियन बालवाड्यांत जाऊन 'असं करा, तसं करू नका' सांगायचं. गाडी परिषदेची. नाकं दुसरं कोणीतरी पुसेल.

आधी परिषदेची बाई आमची बालवाडी बघून जाणार, मग महिनाअखेरीला मुलाखत, संगणकावर. तोवर इथे सगळं लखलखीत हवं. फेतूला सांगितलं. फेतू माझ्या हाताखालची शिक्षिका, वय पंचविशीचं, तोंड पन्नाशीचं. म्हणाली, "म्हणजे तू जाणार. मग आम्हाला ओरडणार कोण?" म्हटलं, "वेलिंग्टनहून ओरडेन. पोचतो माझा आवाज."

मावशीलाही सांगितलं. म्हणाली, "छान झालं गं वाओसा. तुझ्या आईला सांगितलंस का?" आईला जाऊन दोन वर्षं झाली. मावशीला टोमणा मारायचा असला की असा मारते, हसून. आईच्या शेवटच्या दिवसांत मी परीक्षेला बसले होते ते ती विसरलेली नाही.

गुरुवार, ९ मार्च

ही बालवाडी मावशीची. म्हणजे कागदावर चर्चच्या मंडळीची, पण आमच्या या मांगेरे वस्तीच्या हॉलमध्ये पहिली चटई अंथरली ती लितारा मावशीने. पोरं शाळेत जाऊन सामोअन विसरतात म्हणून चारपाच बायकांनी मिळून गाणी, प्रार्थना, गोष्टी सुरू केल्या. तेव्हा ना पदविका लागायची ना परवाना. आता इतक्या मुलांमागे इतकी मोठी माणसं असा नियम आहे. मी, फेतू आणि तिसरी मावशी. मावशीला मोजलं नाही तर निम्मी पोरं घरी पाठवावी लागतील.

आज तिने सकाळची प्रार्थना म्हणवून घेतली, मुलांची फळं खाऊन झाली, आणि तिने सगळ्यांना पुन्हा ओळीत बसवून तीच प्रार्थना पहिल्यापासून म्हणायला लावली. मुलांना काय, ती गातात. मला कळतं हे कशासाठी चाललंय ते. तू गेल्यावर इथे माझ्याच पद्धतीने चालेल, असं मला दाखवून देतेय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मुलांना ती त्यांच्या आईबापांच्या नावाने हाक मारते. पेनिनाला 'सेउला' म्हणते, कारण तिची आई सेउलाही याच चटईवर शिकली. आईबापांना त्याचं भारी कौतुक. आपल्याला मावशी विसरली नाही म्हणतात.

बुधवार, १५ मार्च

सेउला सगळे पालक जाईपर्यंत दाराशी थांबली. विमानतळाच्या स्वयंपाकघरात ती पहाटेच्या पाळीला असते, त्यामुळे दुपारी ती नेहमी अर्धवट झोपेत असते. आज चांगली जागी होती. कोर्टाच्या हुकमाची प्रत आणि नवऱ्याचा फोटो माझ्या हातात ठेवला. इओपुने पोरीच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम आहे.

"ताई, माझ्याशी तो कसाही वागला तरी मी तोंड उघडलं नाही," ती म्हणाली. "पण परवा पिऊन आला आणि पोरीला गाडीत घातलं. चाळीस मिनिटं मला माहीत नव्हतं ती कुठे आहे. मग मी पोलिसात गेले. आता मंडळीतलं कोणी माझ्याशी बोलत नाही. तू तरी बोल."

"बोलतेय की."

"त्याला नाही म्हणशील ना?"

"नाही म्हणेन."

मला अवघड वाटलं. इओपु आमच्या पाळकसाहेबांचा सख्खा भाचा. चर्चमध्ये त्याचा खर्ज सगळ्यांच्या खाली लागतो आणि गाणं त्यावर उभं राहतं. आमच्या फाटकाची कडी त्यानेच फुकटात बसवून दिली.

फेतूने लगेच फोटो स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला, खाली लाल अक्षरांत लिहिलं: याच्याकडे पेनिनाला द्यायचं नाही. मी मावशीला नेऊन दाखवला. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काय देखणा मुलगा आहे. कोणाचा गं?"

ज्याला हिने बोलायला शिकवलं तो कोणाचा म्हणून मला विचारते. म्हणजे आपल्याच पोराला चोर ठरवलंस, हे मला ऐकवायचं. मी म्हटलं, "मावशी, नाटकं नकोत. हा आला तर पेनिनाला द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं," म्हणाली. अगदी गरीब चेहरा करून.

रविवार, १९ मार्च

उपासनेनंतर पाळकीणबाई हॉल बघायला आल्या. बुधवारी परिषदेची बाई येणार, तर चर्चच्या कपबशा काढून देते म्हणाल्या. स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मी मागे.  कपबशा काढल्या, पुसल्या, मोजून दिल्या. मग म्हणाल्या, "वाओसा, पाहुणीसाठी चहा इथूनच नेशील ना? ती मदतीला आत येईलच. गोऱ्या बायका येतात मदतीला."

"हो."

"हॉल मंडळीचा आहे. मंडळीची अब्रू झाकून ठेवणं आपल्या हातात असतं."

मग मला जेवायला बोलावलं. पाळकांच्या घरचं रविवारचं जेवण, नाही म्हणता येत नाही. नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांची पालुसामी उत्तम झाली होती. इओपु माझ्यासमोरच बसला होता. पूर्ण वेळ मान खाली. तारोच्या कंदांची थाळी माझ्याकडे सरकवताना हळूच म्हणाला, "पेनिना गाते का?" मी म्हटलं, गाते. त्याचे डोळे भरून आले. माणूस अगदीच वाईट नाही. दारू वाईट.

संध्याकाळी जाऊन फोटो काढला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ. परक्या बाईपुढे आपल्या पाळकाच्या भाच्याचं तोंड लाल शाईने रंगवून कशाला ठेवायचं? कोणाला द्यायचं नाही हे आम्हा तिघींना पाठ आहे. बुधवारनंतर परत लावेन.

बुधवार, २२ मार्च

रूथ बाई येऊन गेली. उंच, पांढऱ्या केसांची, बुटात मोजे नाहीत. चटईवर मांडी घालून बसली, म्हणजे तयारीची. मुलांनी गाणी म्हटली, पेनिनाने मधेच उठून नाच केला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

पण बाजी मारली मावशीने. रूथचा हात हातात घेऊन तिने सावायी बेटावरच्या आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली, वादळात शाळेचं छप्पर उडालं ती. संपली. रूथने डोळे पुसले. मावशी पाणी प्यायली आणि तिने तीच गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगितली, शब्द न शब्द तोच. मला घाम फुटला. पण रूथ दुसऱ्यांदाही तशीच ऐकत होती. जाताना म्हणाली, "मौखिक परंपरा अशी टिकते, पुनरुच्चारातून. असं माणूस बालवाडीत असणं हेच तुमचं भांडवल आहे." मी म्हटलं, तर काय.

फोटो आज लावणार होते. पण शुक्रवारी बायकांची बैठक स्वयंपाकघरातच आहे, पाळकीणबाई असतील. सोमवारी लावते.

मंगळवार, २८ मार्च

फेतूशी वाजलं.

मावशीने मुलांसाठी कोको-भात करायला पातेलं चढवलं. त्यात ना तांदूळ ना पाणी. बूड लाल झालं तेव्हा वास आला. ती शेजारीच उभी होती, मुलं पायाशी. फेतूने गॅस बंद केला आणि मला अंगणात ओढत नेलं.

"मावशींना डॉक्टरकडे ने."

"काय झालंय तिला?"

"मला विचारतेस? सकाळपासून मला दर थोड्या वेळाने विचारतायत, तू कोणाची गं, तू कोणाची."

"तुझं तोंड बघून कोणीही विचारेल."

ती हसली नाही. "थट्टा नको, ताई. त्यांना मोठ्या माणसांत मोजू नकोस. त्या इथे बसू देत, गाऊ देत, पण मोजू नकोस."

"मग कोणाला मोजू? तुझ्या आजोबांना?"

"मुलं कमी कर."

"मुलाखतीच्या आठवड्यात? परिषदेला काय सांगू, ज्या बाईला तुम्ही भांडवल म्हणालात तिला काढली? आणि तिला जाऊन सांगणार कोण? तू सांगतेस? जिने मला हात जोडायला शिकवलं तिला मी म्हणू, तू आता घरी बस? उद्या सगळी मंडळी म्हणेल, वाओसा खुर्चीवर चढली आणि पहिली लाथ मावशीला."

फेतूने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तो फोटो कुठे गेला?"

"पडला असेल. लावते."

"ताई, मी विचारतेय..."

"लावते म्हटलं ना."

शुक्रवारी मुलाखत झाली की मावशीला डॉक्टरकडे नेईन. मला तरी ती ठणठणीत दिसते. वयाने हट्टी होतात माणसं. आज जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दमलीस का? तुझी आई कुठे राहिली?" हे वाक्य कुठे लागतं ते तिला बरोबर ठाऊक आहे.

शुक्रवार, ३१ मार्च

झाली मुलाखत. कार्यालयाचं दार लावून बसले होते, अजून तशीच बसलेय आणि हे लिहितेय. बाहेर पालक येतायत, फाटकाची कडी वाजतेय. पडद्यावर तिघंजण होते, रूथ मधे. विचारलं, समाजाच्या चालीरीती आणि मुलांची सुरक्षितता यांत ओढाताण झाली तर काय करता? मी म्हटलं, आमच्यात ओढाताण होत नाही, कारण आमच्यात प्रत्येक मूल सगळ्यांचं असतं. रूथने मान हलवली आणि लिहून घेतलं. नोकरी माझी आहे. मला माहीत आहे.

नंतर.

सेउला आली तेव्हा पेनिना नव्हती.

फेतू आत एका पोराचे कपडे बदलत होती. मी कार्यालयात. फाटकावर मावशी होती. मीच उभी केली होती. इओपु आला, वाकून मावशीचा हात हातात घेतला, पोर धावत गेली. मावशीने तिची पिशवी त्याच्या खांद्याला लावून दिली.

"बाप आला होता ना न्यायला," ती म्हणाली. "किती नम्र मुलगा."

"मावशी, तुला सांगितलं होतं!"

"काय गं?"

अशी काही बघत होती माझ्याकडे की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. सेउला ओरडली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं, आणि चिकटपट्टीचे चार डाग होते तिथे बघत उभी राहिली. मग बाहेर येऊन फेतूच्या फोनवरून पोलिसांना फोन केला. 

रविवार, २ एप्रिल

हंटली गावाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या चरात गाडी सापडली. चरात पाणी फार नव्हतं. इओपुचा हात मोडलाय.

पेनिना गेली.

पाळकसाहेबांनी सर्वांसाठी प्रार्थना सांगितली. सर्वांसाठी. नाव एकाचंही घेतलं नाही. पाळकीणबाई माझ्याकडे बघून डोळे मिटून बसल्या. मी गाऊ लागले, खर्जाची जागा रिकामी होती, गाणं सारखं खाली घसरत होतं. मी अर्ध्यातच उठून बाहेर आले.

मंगळवार, ११ एप्रिल

शनिवारी मूठमाती झाली. आम्हाला बोलावलं नव्हतं. फेतू गेली होती. आता ती माझा फोन घेत नाही.

हॉलला कुलूप आहे. आज पोलिस आणि शिक्षण खात्याचा माणूस मिळून आले. शांतपणे विचारत होते, तेच जास्त भयंकर.

फोटो लावला होता का? लावला होता म्हटलं. होताच की. त्यांनी विचारलं असतं कधीपर्यंत, तर तेही सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. फाटकावर कोण होतं? फाटकावर मावशी होती. तिला हुकमाची कल्पना दिली होती का? दिली होती, फोटोसमोर उभं करून. ती हे काम करू शकणार नाही असं वाटण्याजोगं आधी काही घडलं होतं का? नाही म्हटलं. मी काही डॉक्टर नाही. एकही वाक्य खोटं बोलले नाही. जबाब परत परत वाचून मग सही केली.

मावशीला त्यांनी तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणतात हे बरंच जुनं आहे, वर्ष दोन वर्षांचं. मला पटत नाही. मग आईचं नाव काढून मला टोचायचं ते तिला इतकं नेमकं कसं जमायचं?

संध्याकाळी रूथचा फोन. आवाज रडवेला. परिषदेने खात्याकडून माझा जबाब लगेच मागवून पाहिला, माझ्याकडून सूचना दिली गेली होती हे त्यांनी ध्यानात घेतलंय. पद माझ्यासाठी ठेवलंय, मी हो म्हणेन तर. "तुम्ही जे सोसलंय त्यातूनच इतर बालवाड्यांना मार्ग दिसेल," म्हणाली. सोमवारपर्यंत कळवते म्हटलं. फोन ठेवला आणि खूप रडले. आनंदाने नाही. पण सगळंच दुःखाने नव्हतं, हेही लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय.

शनिवार, १५ एप्रिल

लेमालु मामाने ठरवलं. घराण्याचा प्रमुख तो, त्याने ठरवलं की ठरलं. इफोगा करायचा. ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्या दारात पहाटे जाऊन, आजीच्या वेळची बारीक विणीची चटई डोक्यावर घेऊन बसायचं. ते बाहेर येऊन चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. उचलली तर क्षमा. पूर्वी न उचलता कुऱ्हाडही घालत.

मी म्हटलं, "मामा, पाळकांच्या घरून कोणी गेलं नाही. गाडी त्यांच्या पोराने चालवली."

"ते जात नाहीत ते त्यांचं ते बघतील. पोरगी आपल्या फाटकातून गेली."

चटईखाली मावशी बसली. मी आणि मामा तिच्या मागे, गवतावर, उघड्या डोक्याने. दहिवर होतं, गुडघे भिजले. चटईखाली कोणी बसायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. मामाने चटई उलगडली, मावशी आपणहून खाली बसली, तर तिच्यावर घातली. फाटकावर ती होती.

उजाडलं. शेजारची गोरी बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली आणि डबा तसाच सोडून आत गेली. मग सेउलाचं दार उघडलं. मागे तिची आई. सेउला बारीक झालीय, अंगावर कामाचाच सदरा. ती पायऱ्या उतरली आणि चटईची कड धरून उचलली. मामाने मोठा श्वास सोडला. मीही सोडला.

मावशीने वर बघितलं आणि हसली. बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "आत्ता कुठे झोपलीय ती. जेवली सगळं. नेतेस का इतक्यात?"

सेउला चटई धरून उभी राहिली. तिच्या आईने तोंडाला पदर लावावा तसा तळवा लावला.  मग सेउलाने माझ्याकडे बघितलं.

"किती दिवस असं आहे हिचं?"

"वय झालंय..."

"किती दिवस?"

मी गवताकडे बघत होते.

"किती दिवस, ताई?"

 ती वाकली, मावशीच्या काखेत हात घालून तिला उठवलं, ओट्यावरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. तिच्या आईने मावशीच्या पायांवर पांघरूण टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली. मावशी आपली आभार मानत होती, दोघींचे, नावं चुकवून.

सेउला परत आली. मामा हात जोडायला लागला तर तिने त्याला थांबवलं. "मामा, तुम्ही उठा. फोटो तुम्ही नव्हता काढला." मग चटई नीट दोन्ही हातांत घेतली आणि माझ्या डोक्यावर घातली. जोरात नाही. मुलाच्या अंगावर पांघरूण घालतात तशी. पायऱ्या चढल्याचा आवाज आला. दार लागलं.

चटईखालून फक्त आवाज ऐकू येतात. मामाने मला हाक मारली नाही. थोड्या वेळाने त्याने मावशीला गाडीत बसवलं, मावशी म्हणाली, "आणि ती पोरगी?" मामा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. गाडी गेली. मग खेळायला निघालेली पोरं गेली, त्यांच्यातला एक म्हणाला, "ए, खाली माणूस आहे," आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. ऊन वाढलं. आत भांडी वाजली, नळ सुरू झाला, बंद झाला.

मी वाट बघितली. खरंच बघितली. पाय बधिर झाले, तरी बघितली. मग चटई माझी मीच काढली, घडी घातली, काखेत धरली आणि चालत घरी आले.